शब्दचर्चा: पात्ररेणू, बुट्टी की कोठडी?

प्रश्न, बेळगाव: सुप्रामोलेक्युलर रसायनशास्त्रात, म्हणजे रेणू एकमेकांना कसे धरून राहतात याच्या अभ्यासात, दुसरा रेणू पोटात धरणारे रेणू असतात. त्यांना सरसकट ‘पात्ररेणू’ म्हणावं का? आणि आतल्याला ‘अतिथी’ की ‘पाहुणा’?

खानापूर: ‘पात्र’ चांगला शब्द आहे. कन्नडमध्येही भांडं म्हणजे ‘पात्रे’, त्यामुळे आपल्या मुलांना तो कुठं अडत नाही. अडतं ते पुढच्या शब्दापाशी. कन्नड पुस्तकातला ‘अणु’ म्हणजे मराठीतला रेणू, आणि मराठीतल्या अणूला तिथं ‘परमाणु’ म्हणतात. म्हणून ‘अणुपात्र’ कधीच लिहू नका, बेळगावातल्या एकाच वर्गात त्याचे दोन अर्थ होतील.

पण सरसकट एक शब्द मला पटत नाही. पसरट परळ आणि अरुंद तोंडाचं गाडगं एकाच मातीचं असतं, तरी तोंड वेगळं म्हणून नाव वेगळं. रेणूंची मूळ नावंसुद्धा अशीच आकारावरून पडलीत. कॅलिक्सअरीन ग्रीक चषकावरून, कुकुरबिट्युरिल भोपळ्याच्या कुळावरून, कार्सेरँड तुरुंगाच्या लॅटिन शब्दावरून. क्रिप्टँडच्या नावात तळघर आहे. त्याला आपलं धान्याचं ‘पेव’ किती नेमकं बसतं!

तोंडाचा फरक नावापुरता नाही. सात घटकांच्या कुकुरबिट्युरिलचं तोंड सुमारे 0.54 नॅनोमीटर रुंद, पोट 0.73. म्हणजे हे खरोखर गाडगं आहे, जाडजूड पाहुण्याला आत शिरताना आणि बाहेर पडताना वेळ लागतो. सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेच्या घटकांचं कडं, दोन्हीकडून उघडं, बूड नसलेल्या बादलीसारखं, तिथं ये-जा झटपट होते. रसायनशास्त्रज्ञ क्रॅम यांच्या 1985 च्या कार्सेरँडमध्ये पाहुणा रेणू घडतानाच कोंडला जातो आणि बंध तोडल्याशिवाय सुटत नाही. त्याला ‘कोठडी’च म्हणावं.

निपाणी: यात ‘बुट्टी’, म्हणजे टोपली, घाला. धातूचे आयन आणि सेंद्रिय दांड्या जोडून केलेल्या पिंजऱ्यांच्या भिंतींना भोकं असतात, भाकरीच्या बुट्टीसारखी. 2009 मध्ये लोखंडाच्या अशा पिंजऱ्यात एरवी हवेत आपोआप पेटणारा पांढरा फॉस्फरस ठेवला, तो पेटला नाही. ‘झाकण बसलं म्हणून’ असं मुलांना सांगू नका. ऑक्सिजन आत जाऊ शकतो. पण अभिक्रियेत मधे जो मोठा रेणू तयार व्हायला हवा, त्याला आत जागा नाही. बेंझिन घातलं की ते फॉस्फरसची जागा घेतं, आणि बाहेर आलेला फॉस्फरस हवेशी अभिक्रिया करतो.

चिकोडी: क्रियापदही जपून वापरा. ‘पाहुणा बांधला’ म्हटलं की मुलं सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला पक्का बंध, समजतात. ‘बसला’ किंवा ‘धरला’ म्हणा. हे डोळ्यांनी दाखवता येतं. 100 मिली पाण्यात 0.1 ग्रॅम धुण्याचा सोडा, त्यात आम्लारी ओळखणाऱ्या 1 टक्का फिनॉल्फथॅलीनचे 2–3 थेंब. गुलाबी रंग आला की 0.2 ग्रॅम बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घालून ढवळा. रंग जवळजवळ जातो, कारण फिनॉल्फथॅलीन पोकळीत बसून आकार बदलतं. आता तापवा, गुलाबी परत येतो. गार केलं की पुन्हा जातो.

फसतं ते असं. खाण्याचा सोडा घेतला तर मुळात रंगच नीट येत नाही. कॉस्टिक सोडा जास्त झाला तर फिनॉल्फथॅलीन आपोआप फिकं पडतं आणि श्रेय उगाच सायक्लोडेक्स्ट्रिनला जातं. म्हणून सायक्लोडेक्स्ट्रिन न घातलेलं दुसरं बीकर शेजारी हवंच. आणि ‘थोडं जास्त घालू’ म्हणून 1 ग्रॅम टाकलं, तर तापवल्यावर रंग जेमतेम परततो, कारण रिकाम्या जागा इतक्या असतात की सुटलेला पाहुणा लगेच दुसरीकडे बसतो. बीटा प्रकार 25 अंशांना 100 मिली पाण्यात 1.85 ग्रॅमच विरघळतो, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न, बेळगाव: मग ‘भरलेलं पात्र’ म्हणजे काठोकाठ?

खानापूर: नाही. रसायनशास्त्रज्ञ रेबेक यांनी 1998 मध्ये मांडलेला नियम असा की, द्रावणात पाहुण्यानं पोकळीचा साधारण 55 टक्के भाग व्यापला की तो सर्वांत चांगला बसतो. फार ठासून बसला तर हलायला जागा नाही, फार सैल असला तर टिकत नाही. म्हणून ‘भरलेलं’ऐवजी ‘वसलेलं पात्र’ म्हणावं.

आणि हो, ‘पाहुणा’च. ‘अतिथी’ पुस्तकात आहे, चूक नाही. पण तापवल्यावर उठून जाणाऱ्याला आपल्याकडं पाहुणाच म्हणतील. कोठडीतल्याला मात्र ‘कैदी’ म्हणा.