वजन उतरलं, पण कातडी लोंबते: तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडीची वहिनी:
काल शहापूरला ब्लाउज टाकायला गेले होते. शेजारची एक मुलगी माप देताना हळूच म्हणाली, "बाही कोपरापर्यंत ठेवा, दंड दिसायला नकोत." मला माझे ते दिवस आठवले. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे चालून आणि रात्रीचा भात सोडून तीसेक किलो उतरवलं मी. पोटाची कातडी मात्र वाकलं की रिकाम्या पिशवीसारखी पुढं येते. सगळे "किती बारीक झालीस!" म्हणायचे आणि मी आरशाकडं पाठ करून कपडे बदलायची. तेव्हा बोलायला कुणी नव्हतं. इथं बोलूया.

खानापूरकर:
पावसाळ्यात हाल. आमच्याकडं कपडे वाळतच नाहीत. दमट बनियन घातलं की लोंबत्या कातडीच्या घडीखाली लाल चट्टे, खाज. मेडिकलवाल्यानं दिलेल्या ट्यूबनं आधी बरं वाटलं, मग दुप्पट पसरलं. त्यात स्टेरॉइड होतं म्हणे. आता अंघोळ झाली की घडी उचलून नीट टिपतो, सुती फडकं ठेवतो. बनियन इस्त्री मारूनच.

निपाणीचा मास्तर:
क्रीमवर पैसे घालवू नका. कातडीच्या आतल्या थरातले कोलॅजन-इलॅस्टिनचे धागे वर्षानुवर्षं ताणून तुटलेले असतात, वरून चोळून ते जुळत नाहीत. वय आणि सिगारेट, दोन्हींचा फरक पडतो.

शिवणकाम:
वहिनी, त्या मुलीला सांगा, मुंढा अर्धा इंच सैल घ्यायचा आणि बाहीला मलमलचं अस्तर. काठ रुतत नाही.

चिकोडीची सून:
मी पोटाची लोंबणारी कातडी काढायचं ऑपरेशन केलं. आधी वजन सहा महिने एकाच जागी ठेवायला लावलं. अजून मूल हवं असेल तर थांबा, असंही डॉक्टर म्हणाले. कमरेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण आहे. पाणी निघायला नळ्या होत्या, नंतर पट्टा. विम्यानं दमडी दिली नाही, म्हणे ही सौंदर्याची शस्त्रक्रिया. "कशाला ही हौस" म्हणणाऱ्या सासूबाईंनीच रोज पट्टा बांधून दिला. मला तरी केल्याचं समाधान आहे.

हिंडलगा२४:
माझी छाती लोंबते. मित्र विहिरीवर पोहायला बोलावतात, मी जात नाही.

टिळकवाडीची वहिनी:
बाळा, टीशर्ट घालून जा की. पोहणं सोडू नकोस.

निपाणीचा मास्तर:
तुझं वय लहान आहे. वजन उतरल्यावर वर्ष-दोन वर्षं कातडी आवळत राहते. तोवर जिममध्ये वजनं उचल, अंडी-उसळी खा. स्नायू भरले की थोडी ताणून बसते. सगळी जाईल असं नाही, पण फरक दिसेल.

हिंडलगा२४:
थँक्यू सर. कुणी असं सांगितलंच नव्हतं.

खानापूरकर:
वहिनी, भात सोडला म्हणजे रात्री भाकरी कसली, नाचणीची?

टिळकवाडीची वहिनी:
जोंधळ्याची. नाचणीची आंबील सकाळी, ताक घालून. कृती हवी असेल तर दुपारी लिहिते, आत्ता कुकर लावलाय.