बी.कॉम.नंतर फोटोग्राफी: पुण्यात कोर्स करू की कोल्हापुरात स्टुडिओत राबू?

मिरजेची_तार

नमस्कार. मी मिरजेची, वय २०, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षं एका जुन्या, सेकंडहँड कॅमेऱ्यावर आमच्या इथल्या सतारमेकरांचे फोटो काढतेय. वाळवलेले भोपळे, तारा लावणारे हात, पॉलिशच्या वासाने भरलेल्या खोल्या. हेच काम आयुष्यभर करायचं, हे माझं ठरलंय. कसं शिकायचं, ते ठरत नाहीये.

बाबांनी माझ्यासाठी दोन लाख बाजूला ठेवलेत. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत वर्षाचा डिप्लोमा आहे, फी १,८०,०००. राहणं-खाणं वेगळं. दुसरीकडे मामांच्या ओळखीचा कोल्हापुरात लग्नांचा स्टुडिओ आहे, ते म्हणतात ये, शिकवतो. तिसरा रस्ता म्हणजे त्या पैशांत चांगला कॅमेरा घ्यायचा आणि यूट्यूबवर शिकायचं. बाबांचे पैसे वाया गेले तर मला स्वतःला माफ करता येणार नाही. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

अंतरपाट

ताई, मी कोल्हापुरात लग्नांचे फोटो काढतो, एकोणीस वर्षं झाली. तुला सांगितलेला स्टुडिओ माझा नव्हे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

मी कुठल्याही संस्थेत शिकलो नाही. पहिले दोन सीझन मी व्हिडिओवाल्याच्या मागे सनगन, म्हणजे शूटिंगचा हातात धरायचा प्रखर दिवा, धरून उभा होतो. हात भरून यायचा, पण उजेड कुठून आला की चेहरा कसा दिसतो, हे मला त्या दिव्याने शिकवलं. दिवा कपाळाच्या वर धरला की डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. थोडा बाजूला नेला की नाक, गाल, नथ सगळं उठून येतं. पुढे फ्लॅश हातात आला तेव्हा छताकडे तोंड करून मारायला लागलो, आणि एका लग्नात लाल कापडाच्या मांडवाखाली सगळे वऱ्हाडी लाल आले. तेव्हापासून मांडवात शिरलो की मी आधी वर बघतो.

अंतरपाट दूर होतो तो क्षण तीन सेकंदांचाही नसतो. 'सावधान' झालं, पडदा ओढला, अक्षता उडाल्या, नवरीने मान वर केली. तेवढ्यात काकू मोबाइल घेऊन पुढे येतात. कुठे उभं राहायचं, हे शेवटच्या मंगलाष्टकाआधी ठरवावं लागतं. मी नवरदेवाच्या मामाच्या खांद्यामागची जागा धरतो, आणि मामांना आधीच हात जोडून सांगून ठेवतो. असलं शहाणपण वर्गात बसून येत नाही. २०११ मध्ये माझं एक मेमरी कार्ड गेलं आणि एका मुलीच्या हळदीचे सगळे फोटो गेले. तिच्या आईसमोर उभं राहून ते सांगितलं, तो दिवस अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्यानंतर दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरवणारा कॅमेरा घेतला. घरी येऊन दोन डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय मी जेवत नाही.

पण माझ्या शिकण्यात मोठी भोकं राहिली, तेही सांगतो. एकदा हुपरीच्या एका चांदीवाल्यांनी पैंजणांच्या कॅटलॉगचं काम दिलं. चांदीत मीच दिसायचो, माझा निळा शर्ट, कॅमेरा, खिडकी. चार दिवस झटलो आणि काम परत दिलं. मग एका प्रॉडक्ट फोटोग्राफरकडे पैसे भरून शिकलो. वस्तूभोवती बटर पेपरचा तंबू करायचा, उजेड बाहेरून त्यातून गाळून आणायचा, कड दिसावी म्हणून काळ्या कागदाच्या पट्ट्या आत लावायच्या. दोन दिवसांत समजलं. लग्नाच्या मांडवात मला ते दहा वर्षांत कुणी सांगितलं नसतं, कारण तिथे कुणाला माहीतच नव्हतं.

म्हणून माझं मत: एक सीझन, तुळशीचं लग्न झाल्यापासून पुढे, कोल्हापूरला काढ. दोन लाखांना आत्ता हात लावू नको. सीझन संपल्यावर तुला काय येत नाही, हे तुला कळलेलं असेल. त्यानंतर कोर्स निवडलास तर नेमकं मागता येईल. आणि नवा कॅमेरा आत्ता मुळीच घेऊ नको. फार तर पन्नास मिलिमीटरची एक प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली, घे. सतारमेकरांच्या अंधाऱ्या खोल्यांत ती खूप कामाला येईल.

कागदीफूल

दादांचं बरंचसं पटतं, पण पदवीची बाजूही ऐक. मी मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात अप्लाइड आर्ट केलं, आता जाहिरातींसाठी खाद्यपदार्थ आणि दागिने शूट करते. फोटोग्राफी तिथे एक विषय होता, पण रेखाटन, अक्षरांकन, मांडणी शिकल्यामुळे क्लायंटचा लेआउट मला वाचता येतो. दर आठवड्याला काम भिंतीवर लावून बाई प्रत्येकाचं पन्नास पोरांसमोर उलगडायच्या. माझं काम कुणी इतक्या बारकाईने पाहिलंच नसतं.

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचं उदाहरण बघ. जे. जे.त शिकल्या, आणि कॅमेरा शिकल्या माणेकशा व्यारावालांकडून, जे पुढे त्यांचे पती झाले. सिनेकलाकारांच्या पोर्ट्रेटसाठी प्रसिद्ध असलेले गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे पदवीधर, जाहिरात संस्थेत नोकरी करत करत फोटोग्राफीत आले.

बारावीनंतर असतीस तर मी तुला चार वर्षांचा बी.एफ.ए., म्हणजे ललित कलेची पदवी, कर म्हटलं असतं, त्याची राज्याची सीईटी असते. आता पदवीनंतर बघायचं तर गांधीनगरला एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत फोटोग्राफी डिझाइन आहे, प्रवेशासाठी डॅट ही परीक्षा द्यावी लागते. तुझ्या सतारमेकरांच्या कामासारखं एका विषयात रुतून केलेलं काम अशा ठिकाणी खरंच मोलाचं ठरतं. उटीची लाइट अँड लाइफ अकादमी व्यावसायिक फोटोग्राफीसाठी ओळखली जाते. पुण्यातच राहायचं असेल तर भारती विद्यापीठात फोटोग्राफीचं महाविद्यालय आहे, आणि एफटीआयआय ही फिल्म संस्था अधूनमधून छोटे कोर्स घेते, तेही पाहून ये.

खासगी डिप्लोमाबद्दल मात्र जपून. माझ्या मैत्रिणीने अशा एका ठिकाणी ११ महिने काढले. तीस मुलं, एक स्टुडिओ, दोन लाइट. आठवड्यातून एकदा तिची पाळी यायची, तीही वीस मिनिटं. फी भरण्याआधी तिथे जा आणि विचार: एका लाइटमागे किती मुलं, मागच्या बॅचचं काम दाखवा, बाहेर पडलेल्या दोघांशी बोलायला द्या. टाळाटाळ झाली तर परत ये.

ओवी_पुणे

अजून एक, मुलगी म्हणून. मी लग्नांना असिस्टंट म्हणून चार वर्षं फिरले. वरात रात्री दीडला संपते. परत कोण आणून सोडणार, पहिल्या महिन्यापासून किती पैसे, जेवण-प्रवास कुणाचा, हे मामांच्या ओळखीचं आहे म्हणून गृहीत धरू नको. व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घे. "शिकतेस ना" म्हणत सहा महिने मला एक रुपया मिळाला नाही. मी बोलले असते तर मिळाला असता, असं नंतर त्याच टीममधल्या मुलाकडून कळलं. त्याला मिळत होता. आणि तू काढलेले फोटो पोर्टफोलिओत वापरता येतील का, हेही आधीच विचार.

मिरजेची_तार

तिघांनाही मनापासून धन्यवाद. बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, पैसे बँकेत आहेत, कुठे जात नाहीत.

काल स्टुडिओवाल्यांशी बोलले. जयसिंगपूरच्या एका लग्नाला दिवा धरायला बोलावलंय. पैसे किती आणि घरी कोण सोडणार, दोन्ही विचारलं. आवाज थरथरत होता पण विचारलं. दर लग्नाचे आठशे, आणि त्यांची बायको त्याच गाडीने मिरजेवरून जाते.

दादा, सतारमेकरांकडे एकच खिडकी आहे आणि ते तिच्याकडे पाठ करून बसतात, त्यामुळे चेहरा काळा येतो. त्यांना जागा बदला म्हणणं बरोबर वाटत नाही. काय करू?

अंतरपाट

त्यांना हलवू नको, तू हल. खिडकीच्या भिंतीला चिकटून बसलीस की उजेड तुझ्या बाजूने त्यांच्या गालावर पडताना दिसेल. समोर जमिनीवर पांढरा पंचा पसर, खिडकीचा उजेड त्यावरून उसळून हनुवटीखाली जाईल. पंचा त्यांच्याकडेच माग, असतोच. काढलेला फोटो इथे टाक, बघतो.