टेपरमध्ये कात्रज ते सिंहगड: मॅरेथॉनच्या १४ दिवस आधी पळावं का?

पहाटपाऊल:
जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईला फुल मॅरेथॉन आहे. आमच्या ग्रुपने बरोबर त्याच्या १४ दिवस आधी, पहिल्या रविवारी, कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांवरची वाट ठरवलीय. पहाटे ३ ला जुन्या बोगद्याजवळून निघायचं आणि गड गाठायचा. ग्रुपच्या जीपीएक्स फाईलमध्ये (वाटेची जीपीएस नोंद) अंतर १६ किमी आणि एकूण चढ १,१०० मीटर दिसतोय.

माहिती: वय ४१, वजन ६६ किलो. सगळ्यात मोठा आठवडा ६४ किमीचा. ३३ किमीची लाँग रन गेल्या रविवारी झाली, टेपर (शर्यतीआधी पळणं कमी करत नेण्याचा काळ) सुरू आहे. लक्ष्य ४ तास १५ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ६:०२ मिनिटांची पेस. आठवड्यातून एकदा वेताळ टेकडी असते, पण उतारावर चालतच येतो.

तसंही त्या रविवारी प्लॅनमध्ये २० किमी आहेत. हे त्यापेक्षा ४ किमी कमीच. मग करायला हरकत काय?

उतारपंथी:
हरकत अंतराची नाही, उताराची आहे. टेपरचा हिशेब आपण किलोमीटरमध्ये मांडतो, मांडीचे स्नायू मात्र तो वेगळ्या पद्धतीने मांडतात.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकसून शरीर वर ढकलतो. धाप लागते, पोटऱ्या भरून येतात, पण स्नायूचं नुकसान फारसं होत नाही. उतरताना पाऊल टेकलं की गुडघा वाकतो आणि तोच स्नायू लांबत असताना आकसून वजन रोखून धरतो, म्हणजे ब्रेक लावतो. या ओढाताणीत स्नायूचे बारीक तंतू फाटतात. तुमच्या वाटेवर पळण्याजोगा उतार पाच-सहा किमी धरला तरी प्रत्येक पायाला अडीच-तीन हजार ब्रेक लागतात.

याचं दुखणं लगेच कळत नाही. २४ ते ७२ तासांत ते शिगेला पोचतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी जातं. गफलत इथेच होते. दुखणं थांबलं म्हणजे ताकद परत आली असं नसतं, ती भरून यायला आठवडा आणि कधी त्याहून जास्त लागतो. शिवाय फाटलेला स्नायू काही दिवस ग्लायकोजेन (पळायला लागणारं इंधन) नीट साठवत नाही, म्हणजे भात-बटाटे नेहमीइतकेच खाल्ले तरी टाकी कमी भरते.

तुम्ही टेकडीवरून चालत उतरता, हा तुमच्या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. पायांना उतारावर पळायची सवयच नाही. माझं उत्तर: नको.

घसारा_७:
वरचं शास्त्र बरोबर आहे, पण सरसकट ‘नको’ म्हणणं मला पटत नाही. एकदा उतारावर पळून पाय दुखले की पुढचे काही आठवडे तोच उतार तितका त्रास देत नाही, स्नायू धडा घेतो. गेल्या महिन्या-दीड महिन्यात दोन-तीनदा सलग उतार पळून झालेल्या माणसाला सावकाश केलेल्या या वाटेनंतर १४ दिवस सहसा पुरतात. तुमचं तसं झालेलं नाही, म्हणून या वेळी मीही नाहीच म्हणेन.

त्याहून मोठी भीती घोट्याची वाटते. जानेवारीत या टेकड्यांवर गवत वाळून आडवं पडलेलं असतं, खालचे दगड दिसत नाहीत. उतारांवर मुरमाड घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी खडी-माती असते, त्यावर रोडचे गुळगुळीत तळाचे बूट सरळ सटकतात. तिथे तळाला ४-५ मिमीचे दाते लागतात, आणि टेपरमध्ये नवे बूट घालणं हा आणखी एक धोका. पुण्यात जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. ३ ला निघालात तर जवळजवळ सगळी वाट हेडलँपच्या उजेडात. त्या उजेडात सावल्या सपाट होतात आणि खड्डा किती खोल आहे ते कळत नाही. घोटा साधा मुरगळला तरी दोन आठवडे गेले.

बहुतेक जण शेवटच्या तीन-चार टेकड्यांवर चुकतात. मांड्या थकलेल्या असतात, समोर गडावरचा टॉवर दिसायला लागतो आणि वेग आपोआप वाढतो.

कोथरूडचा_कोच:
ग्रुपबरोबर जायची इच्छा असेल तर मधला मार्ग आहे: फक्त चढा, उतरू नका. शनिवारी नीट झोपा. रविवारी उजाडताना खडकवासल्याच्या बाजूला सपाट रस्त्यावर १२ ते १४ किमी इझी पळा, मग पायथ्याच्या आतकरवाडीतून गड चढा. साधारण पावणेतीन किमी आणि ५५०-६०० मीटर चढ. हात मांड्यांवर टेकवून, पावलं लहान ठेवून चाला, पळू नका. एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच श्वास लागू द्या. ५० मिनिटं ते तास लागला तरी चालेल. ग्रुपला वर भेटा आणि शेअर जीपने खाली या. रविवारी जीपला रांग असते आणि वर वारा लागतो, म्हणून कोरडा टी-शर्ट आणि विंडचीटर सोबत ठेवा. घामेजल्या अंगाने अर्धा तास उभं राहून सर्दी झाली तर तीही टेपरमध्ये महागात पडते.

टेपरबद्दलच्या अभ्यासांचा एकत्रित कल असा की दोन आठवड्यांत अंतर ४० ते ६० टक्के कमी करावं, वेग आणि दिवसांची संख्या मात्र शक्यतो तशीच ठेवावी. तुमच्यासाठी त्या रविवारनंतरचा आठवडा ३७ किमीचा: मंगळवारी ८ (त्यात ४ मॅरेथॉन पेसने), गुरुवारी ९ (मध्ये १ मिनिटाच्या ६ वेगवान फेऱ्या), शनिवारी ५, रविवारी १५ (शेवटचे ५ मॅरेथॉन पेसने). शर्यतीच्या आठवड्यात मंगळवारी ६, गुरुवारी ५, शनिवारी ३, बस.

आणि मुंबईचा विचार आत्तापासून करा. पुण्याच्या कोरड्या थंडीत ६:०२ सोपी वाटते, मुंबईच्या दमट हवेत तीच पेस हृदयाचे जास्त ठोके मागते. त्यात शर्यतीच्या वाटेवर फ्लायओव्हर आणि पेडर रोड. तिथला चढ सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण दुखावलेल्या मांड्या बोलतात त्या चढानंतरच्या उतारावर.

पहाटपाऊल:
उताराचा हिशेब माझ्या डोक्यातच नव्हता. आतकरवाडीचं ठरवतो. दोन शंका. ग्रुपमधले आणखी दोघे मुंबई पळणार आहेत आणि ते पूर्ण वाट करणारच म्हणतात. ट्रेकिंगच्या काठ्यांनी त्यांना फरक पडेल का? आणि सोमवारी मांड्या धरल्या तर त्यांनी काय करावं?

उतारपंथी:
काठ्यांनी गुडघ्यांवरचा आणि मांड्यांवरचा भार थोडा हलका होतो, पण पळताना नाही, चालत उतरतानाच. म्हणून त्यांना सांगा: प्रत्येक उतार चालत, पावलं आखूड, टाच पुढे फेकून ब्रेक लावायचा नाही. घसाऱ्यावर काठीचा पट्टा मनगटातून काढून ठेवा. पडलात तर हात मोकळा हवा.

मांड्या धरल्या तर:

सोमवार-मंगळवार पळणं बंद. २०-३० मिनिटं सपाटीवर चालणं, भरपूर झोप, जेवण कमी न करणं. मांड्या जोरात दाबून मसाज करून घेऊ नका, आधीच फाटलेल्या तंतूंवर तो जास्तीचा मार असतो. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन पळणं तर अजिबात नको. दुखणं झाकलं जातं आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण येतो.

बुधवारी तीन गोष्टी तपासा. कठडा न धरता दोन मजले जिने उतरता येतात का. २० सेंमीच्या पायरीवरून एका पायावर हळू खाली, प्रत्येकी १० वेळा, गुडघा आत न झुकता जमतं का. २० मिनिटं इझी पळताना लंगडणं किंवा पाय फरफटणं नाही ना. तिन्ही जमलं तर गुरुवारपासून प्लॅन चालू, पण त्या आठवड्यातल्या वेगवान फेऱ्या गाळा. राहून गेलेले किलोमीटर नंतर भरून काढायला जाऊ नका.

एखादी गोष्ट नाही जमली तर रविवारचे १५ किमी १० वर आणा. त्यात मॅरेथॉन पेसला ठोके नेहमीपेक्षा ८-१० जास्त दिसले तर शर्यतीचे पहिले २५ किमी ६:१२ ने पळायचे, हे त्याच दिवशी ठरवून टाका. स्टार्ट लाईनवर, ढोल वाजत असताना, हा निर्णय कुणाच्याच हातून होत नाही.

घसारा_७:
एक भर. त्या दोघांनी निदान निघायची वेळ साडेसहा करून घ्यावी. उन्हाचा त्रास जानेवारीत सोसण्याजोगा असतो. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, म्हणून माणशी अडीच लिटर सोबत.