कॅम्पसजवळ रस्ता ओलांडताना: नवी मुलं आणि मुक्कामाला आलेले आईबाबा

प्रेषक: शुभदा

मंडळी, नमस्कार.

कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात नवी मुलं यायला लागली आहेत. स्वागत मेळाव्याच्या पत्रकात बँक, सिमकार्ड, किराणा सगळं आहे, रस्त्याबद्दल मात्र एक ओळ नाही. छपाईला जायच्या आत ती घालू या.

काल हर्स्ट अव्हेन्यूवर आपल्यातलाच एक मुलगा बसमधून उतरला, उजवीकडे बघितलं आणि पाऊल टाकलं. गाडी डावीकडून आली. चालकाने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. पुण्या-मुंबईत जवळची गाडी उजवीकडून येते, इथे डावीकडून. माहीत सगळ्यांना असतं, पण मान जुन्या सवयीने वळते. त्यात बॅनक्रॉफ्ट आणि ड्युरंट हे शेजारचे रस्ते एकेरी, तेही उलट दिशांचे. फोन खिशात, कानातलं काढून, आधी डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे. एवढं तरी ठळक छापावं, असा माझा आग्रह आहे.

शुभदा

प्रेषक: अनिकेत

शुभदाताई, नक्की घालू. थोडी भर घालतो.

कॅलिफोर्नियात आता कुठूनही रस्ता ओलांडता येतो, असं मुलं ऐकून येतात. २०२३ पासूनचा कायदा एवढंच म्हणतो, की गाडीची धडक बसण्याचा तात्काळ धोका नसेल तर पोलिसांनी दंड करू नये. धावत्या गाड्यांमधून घुसायची मुभा त्यात नाही. पादचाऱ्यांच्या सिग्नलवर थांबायचा लाल हात लुकलुकत असताना शेजारी उरलेल्या सेकंदांचे आकडे उतरत असतील, तर २०१८ पासून निघायला हरकत नाही, पण शून्य व्हायच्या आत पलीकडे पोचायला हवं.

आईबाबांना मात्र हे आकडे उतरताना निघायचं मी सांगणार नाही. सिग्नलची वेळ साधारणपणे सेकंदाला साडेतीन फूट चालणाऱ्याच्या हिशेबाने लावलेली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला युनिव्हर्सिटी अव्हेन्यू त्या वेळात झेपत नाही. आकडे उतरायला लागले असतील तर त्यांनी थांबावं आणि पुढच्या खेपेला, सिग्नलवर चालणाऱ्या माणसाचं पांढरं चित्र दिसल्या दिसल्या निघावं. बऱ्याच चौकांत खांबावरचं बटण दाबल्याशिवाय ते दिसतच नाही. माझी आई गेल्या खेपेला बटणाजवळ उभी राहून दिवा बदलायची वाट बघत होती. कुणी सांगितलंच नव्हतं तिला.

अनिकेत

प्रेषक: विद्याधर

अनिकेत, शुभदा, तुम्ही दोघं लिहिताय ते योग्यच आहे. पण या ईमेल यादीवरचे बहुतेक जण गाडी चालवतात. पत्रकाचा निम्मा भाग आपल्यासाठी हवा.

लाल दिव्यावर उजवीकडे वळताना आपण काय करतो ते आठवा. डावीकडून येणाऱ्या गाड्यांमध्ये फट शोधत असतो आणि चाकं हळूहळू पुढे सरकत असतात. त्याच क्षणी उजव्या फुटपाथवरून माणूस हक्काने उतरतो, कारण त्याला सिग्नलवर ते पांढरं चित्र दिसतंय. कायद्याने तिथे आधी पूर्ण थांबायचं असतं. हिरव्यावर डावीकडे वळतानाही तीच गत. नजर समोरच्या गाड्यांवर असते आणि ओलांडणारा माणूस काचेशेजारच्या खांबाआड अख्खा दडू शकतो. पुढे झुकून खांबापलीकडे बघा. आणि चौकात पट्टे रंगवलेले नसले तरी फुटपाथ पुढे चालू राहतो तिथे क्रॉसवॉक, म्हणजे रस्ता ओलांडायची जागा, धरला जातो. चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

वेगाबद्दलही लिहा. ट्रिपल-ए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेच्या संशोधन संस्थेचा २०११चा अभ्यास आहे. ताशी २३ मैलांनी धडक बसली तर पादचारी दगावण्याची शक्यता सरासरी १० टक्के, ३२ मैलांना २५ टक्के, ४२ मैलांना ५० टक्के. सत्तरीतल्या माणसाला २५ मैलांची धडक साधारण तेवढीच घातक, जेवढी तिशीतल्याला ३५ मैलांची. म्हणजे "पाच-दहा मैल जास्त चालतात" हे आपलं नेहमीचं वाक्य आपल्याच आईबाबांच्या जिवावर बेतणारं आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी अजून एक गोष्ट. "दोन मिनिटांत येतो" म्हणत गाडी क्रॉसवॉकला चिकटवून लावायची नाही. गाड्या ज्या बाजूने क्रॉसवॉककडे येतात त्या बाजूला २० फूट मोकळे ठेवायचे, कडेला लाल रंग नसला तरी. तिथे उभ्या गाडीमुळे लहान मूल चालकाला दिसत नाही.

विद्याधर

प्रेषक: शुभदा

विद्याधरकाका, तुमचा मजकूर जवळपास जसाच्या तसा घेते. नोव्हेंबरची सूचनाही जोडते. पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळचा फेरफटका एकदम अंधारात जातो. आईबाबांचे काळे, करडे स्वेटर तेव्हा दिसत नाहीत. फिकट जाकीट किंवा चमकणारी पट्टी घेऊन ठेवा.

शनिवारी सकाळी दहाला डाउनटाउन बार्ट रेल्वे स्टेशनच्या बाहेर जमू. शॅटक, युनिव्हर्सिटी अव्हेन्यू आणि हर्स्ट असं सगळ्यांना घेऊन चालत जाऊ. प्रत्येकाने बटण स्वतः दाबून बघायचं. जिथे वेळ अपुरी वाटेल तो चौक अनिकेत लिहून घेईल आणि शहराच्या ३११ या तक्रार क्रमांकावर कळवू. आईबाबांना नक्की घेऊन या, चालायचे बूट घालून.

शुभदा