साताऱ्यात चालता-चालता समुपदेशन करणारं कुणी आहे का?

रानजाई
वडिलांसाठी विचारतेय. केबिनमधलं समुपदेशन जमत नाहीये. तीनदा नेलं, तिन्ही वेळा पंख्याकडे बघत बसले आणि "बरंय सगळं" म्हणून बाहेर आले. हाच माणूस माझ्याबरोबर मंडईपर्यंत चालत आला की आपणहून बोलतो. परदेशात म्हणे समुपदेशक बागेत फिरता-फिरताच सेशन घेतात. इथे कुणी घेतं का? पुणे सांगू नका प्लीज. लवकर हवंय.

गडवेडा
समुपदेशक कशाला? रोज पहाटे अजिंक्यतारा चढायला लावा. मी २०१६ पासून चढतोय. बीपीची गोळी अर्धी झाली.

माहुलीकर
डॉक्टरांनी अर्धी केली की तुम्ही?
ताई, वय किती? कशासाठी नेत होतात? औषधं चालू आहेत का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

रानजाई
वय ६४. आई जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून गप्प आहेत. औषध नाही. एसटीत कंडक्टर होते, आयुष्यभर उभ्यानंच बोलले. समोरासमोर बसवलं की चौकशी लागल्यासारखं तोंड करतात.

जुनी_वही
हे काही नवं फॅड नाही. मनोविश्लेषक फ्रॉइडनं १९१० साली हॉलंडमधल्या लायडनमध्ये संगीतकार माहलरचं म्हणणं असंच फिरत-फिरत, तब्बल चार तास ऐकून घेतलं होतं.

माहुलीकर
लायडनमध्ये दर दहा पावलांवर "काय कंडक्टरसाहेब, पाहुण्या कुठल्या?" विचारणारं कुणी नसेल. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत जाऊन दाखवा.

गडवेडा
म्हणून तर गड. वर कोण विचारतंय?

पेढेवाली
वर बिबट्या विचारतो. पहाटे एकटंदुकटं पाठवू नका. आणि बूट एक नंबर मोठे घ्या, उतरताना अंगठा दुखतो.

सावली
मी कोल्हापुरात समुपदेशन करते, काहीजणांबरोबर चालतेही. शेजारी-शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, मध्येच गप्प झालं तरी अवघडल्यासारखं होत नाही. म्हणून काहीजण मोकळे होतात. सगळेच नाही. पण हा फेरफटका नव्हे. वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, वेग त्यांचा. ओळखीचं कुणी भेटलं तर मी कोण म्हणून सांगायचं, ते पहिल्याच दिवशी ठरवून घेते. रस्त्यात रडू येतंच, तेव्हा उभं राहायला आडोसा लागतो, म्हणून रस्ता आधी एकटीनं चालून बघते.
नवीन कुणी शोधण्याआधी, जिच्याकडे तीनदा गेलात तिलाच विचारलंत का?
आणि एक. जेवण-झोप कशी आहे? "मी कशाला राहिलो" असं काही बोलतात का? तसं असेल तर चालणं नंतर, आधी सायकियाट्रिस्ट. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

शांतचित्त
विपश्यनेला पाठवा. इगतपुरी. दहा दिवस.

माहुलीकर
जो माणूस बोलत नाही म्हणून धागा काढलाय, त्याला दहा दिवस मौनात बसवायचं?

रानजाई
@सावली जेवतात, झोप कमी आहे. तसलं काही बोलत नाहीत, तरी आज थेट विचारते. तिलाच विचारायचं डोक्यातच आलं नाही! गड मात्र नको, गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय.

गडवेडा
हे आधी सांगायचं नाही का?

पेढेवाली
मग शाहू स्टेडियम. सपाट आहे. कुरणेश्वरला सावली छान, पण बोगद्याकडचा चढ गुडघ्याला नको.

सावली
दोनशे पावलं आणि मग बाकावर, तेही चालतं. फक्त शेजारी बसायचं, समोर नाही. पाऊस आला तर कुठे थांबायचं तेही ठरवा. साताऱ्याचा पाऊस आहे.

रानजाई
विचारलं बाबांना. म्हणाले, "तसलं काही मनात नाही, फक्त घर मोठं वाटतं." आठ महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य. समुपदेशक बाई तयार आहेत, शनिवारी सकाळी साडेसहा, स्टेडियम. त्यावर बाबा म्हणतात, "चालायचे पण पैसे घेणार? मी तर लोकांना बसवून तिकीट फाडायचो."

शांतचित्त
शनिवारी स्टेडियमला पार्किंग मिळतं का?