पुढच्या पिढीच्या कन्सोलमध्ये डिस्क राहणार का?

रंकाळाकाठ:
सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) आला २०२० ला, आता पुढच्याची चर्चा सुरू झालीय. जिकडे तिकडे रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावली) नि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं). मला काळजी डिस्कची आहे. आमच्या पेठेत फुटबॉलचा गेम एकजण घेतो आणि ती डिस्क वर्षभर घरोघरी फिरते. शाहू स्टेडियमवरची मॅच सुटली की कुणाच्या तरी माडीवर दुसरी सुरू! तुमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं काय ठरेल?

शाहूपुरी_गेमर:
स्पीड, भावा. पीएस५ चा एसएसडी, म्हणजे गेम साठवायची आतली जागा, सेकंदाला ५.५ जीबी वाचतो, लोडिंगला ताटकळणं संपलं. डिस्कवरचा गेमसुद्धा आधी इन्स्टॉलच करावा लागतो की. मग डिस्क घालायचा ड्राइव्ह कशाला?

रंकाळाकाठ:
इन्स्टॉल होतो, मान्य. पण डिस्क दुसऱ्याला देता येते, विकता येते. भारतात पीएस५ आला तेव्हा ड्राइव्हवाला ४९,९९० ला होता आणि बिनड्राइव्हचा ३९,९९० ला. ते वरचे दहा हजार डिस्का अदलाबदल करूनच वसूल होतात. डाउनलोड केलेला गेम खेळून कंटाळा आला तरी तुमच्याच गळ्यात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एसला ड्राइव्हच नाही, २०२४ च्या पीएस५ प्रोला तो वेगळा विकत घ्यायचा. निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलच्या काही गेमचं कार्ड खोक्यात मिळतं, पण त्यात गेमच नसतो, तो डाउनलोड करायचा! शंभर-शंभर जीबीचे गेम उतरवायला सगळ्यांकडे तसलं नेट आहे का?

जुनी_डिस्क:
ड्राइव्ह राहिला तरी जुने गेम चालले पाहिजेत. पीएस३ ची सेल चिप इतकी वेगळी होती की पीएस३ च्या डिस्का पीएस४ वर चालल्याच नाहीत. पीएस४ आणि पीएस५ दोन्ही एएमडी कंपनीच्या एकाच जातीच्या (एक्स८६) चिपवर, म्हणून पीएस४ चे बहुतेक गेम पीएस५ वर सरळ चालतात. माझं कपाट भरलंय, ते सगळं परत विकत घेणार नाही.

रंकाळाकाठ:
बरोबर, दोन्ही एकत्रच मागायला पाहिजे. आणि मागितलं की मिळतं. २०१३ ला एक्सबॉक्स वनसाठी दर २४ तासांनी ऑनलाइन हजेरी आणि वापरलेल्या डिस्का विकण्या-देण्यावर बंधनं ठरली होती. लोक असे तुटून पडले की मायक्रोसॉफ्टनं मशीन बाजारात यायच्या आधीच, जूनमध्ये, माघार घेतली. ड्राइव्ह वेगळा विकला तरी मी घेईन, पण तो जोडायची सोय मशीनला हवीच.