रेडिएटर नवा बसवला आणि एकामागून एक गळती सुरू झाली: जुन्या गाडीत पुढे काय तपासावे?

जुनी_सोबत

माझी पेट्रोल गाडी १४ वर्षांची असून तिचे २,६०,००० किलोमीटर झाले आहेत. गेले वर्षभर रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीतून बारीक पाझर होता, आणि दर आठवड्याला थोडे नळाचे पाणी घालून मी वेळ निभावून नेत होतो. दोन महिन्यांपूर्वी घरीच रेडिएटर बदलला आणि त्याचे झाकणही नवे घेतले. त्यानंतर तीन आठवड्यांत वरचा होज पाइप फुटला. तो बदलला, तर आता वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) डाग दिसत आहेत. शिवाय गर्दीत गाडी रेंगाळली की तापमानाचा काटा वर चढतो, आणि मोकळ्या रस्त्याला लागताच तो आपोआप मध्यावर येतो.

रेडिएटर बसवताना माझ्या हातून काही चुकले का, हा माझा पहिला प्रश्न. एका परिचित मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याचा आणि गळती बुजवणारे द्रव घालण्याचा सल्ला दिला आहे. गाडी मला विकायची नाही आणि काम स्वतः करण्याची तयारी आहे, परंतु अंदाजाने एकेक भाग बदलत राहणे आता थांबवायचे आहे.

पाना_पक्कड

आपण सांगितलेल्या क्रमावरून रेडिएटर बसवण्यात चूक झाली असे मला वाटत नाही. उलट तो नीट बसला म्हणूनच बाकीचे दुबळे भाग उघडे पडले. इंजिन थंड ठेवणारी ही बंद यंत्रणा दाबाखाली चालते. झाकण साधारणतः १ बारपर्यंत दाब धरून ठेवते, आणि त्या दाबामुळे एरवी १०० अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टाकीला पाझर होता तोवर हा दाब पुरता साठतच नसावा, त्यामुळे आतून जीर्ण झालेला होज आणि पंपाचे झिजलेले सील कमी ताणावर तग धरून होते. नवा रेडिएटर आणि नवे झाकण आल्यावर पूर्ण दाब परतला आणि जो भाग सर्वांत कमजोर होता तो आधी सुटला.

म्हणून आता भाग विकत घेण्याआधी दाब देऊन पाहावे. हातपंपाचा प्रेशर टेस्टर भाड्याने किंवा उसना मिळाला तरी चालतो. इंजिन पूर्ण थंड असताना झाकणाच्या जागी तो बसवावा, झाकणावर छापलेल्या आकड्यापर्यंतच दाब द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे काटा खाली येतो का ते पाहावे. तो उतरत असेल तर टॉर्च घेऊन होजची टोके, पंपाच्या खालचे पाझरछिद्र, थर्मोस्टॅटच्या घराचा जोड आणि हीटरकडे जाणाऱ्या नळ्या एकेक करून तपासाव्यात. पंपाला ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की कूलंट बेअरिंगमध्ये साचून न राहता तेथून बाहेर पडते, त्यामुळे तेथे डागांची धार दिसली तर पंपाचे आयुष्य संपले असे समजावे. आपल्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्यावर) फिरत असेल, तर बेल्ट आणि त्याचा ताण धरणारी पुली त्याच वेळी बदलावी, कारण तेथवर पोहोचण्याचे श्रम दोन्हींसाठी सारखेच आहेत.

गर्दीतले तापणे ही मात्र वेगळी तक्रार आहे. वेगात वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो, गाडी उभी राहिली की सारी भिस्त पंख्यावर येते. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा फिरू लागतो, तो फिरत नसेल तर फ्यूज आणि रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा विद्युत स्विच) पाहावेत, मग पंख्याच्या मोटारीला बॅटरीतून थेट वीज देऊन पाहावी. मोटार फिरली तर दोष तापमानाच्या स्विचमध्ये किंवा तारांत आहे. गाडी वेगात असताना तापत असती, तर मी चोंदलेला रेडिएटर किंवा आत चेपणारा खालचा होज यांवर संशय घेतला असता.

संथ_इंजिन

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण पंपाला हात घालण्याआधी हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधले सील) शाबूत असल्याची खात्री करावी, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा वरचा होज सकाळी दाबून टणक लागला, इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर ज्वलनातला वायू पाण्यात शिरत असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असल्यास पंप आणि होज बदलून काहीही साधणार नाही.

थर्मोस्टॅट काढू नये. त्याविना इंजिन योग्य तापमानाला पोहोचण्यास फार वेळ घेते, इंधन जास्त जळते आणि झीज वाढते. संशय असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवून तापवावा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या, म्हणजे बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या, आसपास तो उघडू लागला पाहिजे. गळती बुजवणारे द्रव तर मी कधीच घालणार नाही. ते छिद्र ओळखत नाही, जेथे वाट अरुंद तेथे साचते, आणि हीटरच्या बारीक नळ्या त्याला प्रथम बळी पडतात.

जुनी_सोबत

आज सकाळी सर्व तपासले. होज मऊ होता, ऑइल स्वच्छ आहे आणि बुडबुडे नाहीत. दाब दहा मिनिटांत जवळजवळ निम्म्यावर आला आणि पंपाच्या छिद्रातून थेंब पडताना प्रत्यक्ष दिसले. पंखा एसी लावूनही फिरत नव्हता, थेट वीज दिल्यावर फिरला आणि रिले बदलताच ठीक झाला. पंप व बेल्ट येत्या रविवारी बदलतो. भरताना कोणती काळजी घ्यावी?

पाना_पक्कड

वर्षभर नळाचे पाणी घातल्यामुळे आत क्षार साचले असतील. म्हणून आधी साध्या पाण्याने, आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने, निघणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन काढा. मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट निम्मे आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे घाला. रंगावरून प्रकार ठरवू नका, कारण रंग उत्पादकागणिक बदलतो, आणि न जुळणारे प्रकार मिसळल्यास गाळ धरू शकतो.

हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पुढची बाजू उतारावर किंवा रॅम्पवर थोडी उंच घ्या आणि सावकाश भरा. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर अखंड धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. आत हवा अडकली तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापत असतानाही काटा खाली राहू शकतो, म्हणून पहिल्या दिवशी केवळ काट्यावर विसंबू नका. थर्मोस्टॅट उघडून खालचा होज गरम झाला आणि पंखा दोनदा चालू-बंद झाला की इंजिन बंद करा. झाकण गरम असताना उघडू नका, पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहून भरा. निघालेले जुने कूलंट मात्र लगेच झाकण असलेल्या डब्यात भरून ठेवा, ते कुत्री-मांजरे चाटतात आणि थोडेसेही त्यांच्या जिवावर बेतते.